निकालातली शेवटची ओळ

बीडहून गेवराईला निघालेल्या एसटीत वैष्णवीच्या पुढच्या सीटवर दोन म्हातारे येऊन बसले. एकाच्या हातात कोर्टाचा कागद होता.

"तानाजी, शेवटची ओळ वाच. चष्मा इसरलो."

"वादीनं प्रतिवादीला दाव्याचा खर्च द्यावा."

"वादी कोण?"

"नऊ वर्सं बांधासाठी भांडलास अन् हे इचारतोस, सुंदरा? दावा तू लावलास. तूच वादी."

"अन् खर्च घेणारा?"

"मी."

वैष्णवीला वाटलं, आता जुंपणार.

"म्हंजी तुझ्या वकिलाची सगळी फी माझ्या डोक्यावर?"

"सगळी न्हाई बे. कोर्ट नियमानं धरतं तेवढीच. हुकूमनाम्यात तक्ता येईल, त्यातला आकडा द्यायचा."

"अन् दर तारखेला माझ्या डब्यातल्या भाकरी खाल्ल्यास, त्या?"

"त्या तक्त्यात न्हाई बसत."

"लई हुशार हाय कोर्ट."

"अपील करतोस का?"

"न्हाई. दमलो आता."

तानाजीनं कागदाची घडी घातली.

"मग तारखा बंदच म्हणायच्या. भेट बी बंद."

"बंद कावून? खर्च काय मी एकदम देतो का? दर सोमवारी थोडा थोडा घरी आणून देईन. चहा तेवढा ठेवत जा."