शेपूची दुसरी जुडी

कोलशेतच्या मासळीबाजारात दर्शनाचा नंबर लागायचा होता, पण पुढच्या आजोबांचं काही केल्या आटपेना. त्यांनी निवडलेला रावस कोळणीच्या हातात तसाच होता.

“काका, कालवनाला कापू की तलायला?”

“दोन्ही नको. ओव्हनमध्ये भाजायचाय. सून नॉर्वेची आहे. आठ दिवस आमचं तिखट खाऊन बिचारी नुसती हसते.”

“मसाला कंचा लावनार?”

“मसाला नाहीच. मीठ, लोणी, लिंबू, शेजारी उकडलेले बटाटे. आणि वर शेपू.”

“शेपू? म्हावऱ्यावर?”

“त्यांच्याकडे तसंच करतात. मुलानं लिहून दिलंय.”

“मग घ्या की. समोर भाजीवालीकडं हाय. इचार कसला करताव?”

“आमच्या हिला शेपू फार आवडतो हो. मला वास सहन होत नाही, म्हणून चाळीस वर्षं घरात येऊ दिला नाही. आता सुनेसाठी कुठल्या तोंडानं नेऊ?”

कोळणीनं रावस फळीवर ठेवला आणि कोयता उचलला.

“दोन जुड्या न्या, काका. एक म्हावऱ्यावर घाला. दुसरी काकींना द्या, आन ती शिजेपर्यंत किचनमधून हलू नका.”