जो नाही आला, त्याचं नाव

तुमी हसान, पण आमच्या गावच्या युवा मंडळाचा एक कायदाच हाय: जो मिटिंगले येत नाही, त्याचंच नाव कामाच्या यादीत टाकाचं. एकदा मी वाशीमले गेलो, तं वापस येईपर्यंत शाळेतल्या झाडायले महिनाभर पानी द्याचं काम माह्या गळ्यात पडलं होतं.

मंग पोहरादेवीच्या यात्रेची मिटिंग आली. भर उन्हात भाविकायले पानी वाटाचं होतं. त्या दिवशी झाडून सारे हजर! वर्षभर तोंड न दाखवलेलेही पुढच्या सतरंजीवर.

मी आमच्या अध्यक्ष सुनीताले म्हनलं, "आता कोनाचं नाव टाकशीन वं?"

तिनं चौफेर पाह्यलं. "सरपंच कुठी हायत?"

"ते काय मंडळाचे मेंबर हायत?"

"सल्लागार हायत ना. लिव्ह!"

यात्रेच्या दिवशी सरपंच कडक इस्त्रीत आले. त्यायले वाटलं, पानपोईचं उद्घाटन हाय. सुनीतानं हातात पान्याचा जग देला. "भाऊ, यादीत तुमचंच नाव हाय." मानूस मोठ्या मनाचा. संध्याकाळपर्यंत पानी वाटलं, त्यायले पाहून लाजून आमीही सारे संगं राह्यलो.

पुढच्या मिटिंगले आमी पोचलो, तं सरपंच पहिलेच येऊन, सतरंजी आंथरून, एकटेच बसून होते.