डोळ्याएवढं पोट

नरडाण्याच्या एसटीत वैजयंती लेकीच्या घट्ट मिटलेल्या ओठांना दहीभाताचा चमचा लावून बसली होती. पुढच्या बाकावर एक म्हातारी पाण्याच्या प्लास्टिक पिशवीतला सोनमासा खिडकीच्या उजेडात धरून हरखली होती. शेजारी तिचा मुलगा.

"मोतीलाल, देख, देख! कसा नाची ऱ्हायना!"

"माय, पिशवी हालवू नको. आनि या टायमाले दाना मीच टाकसू."

"का रे? मन्हा हातले काय व्हयनं?"

"मागला कसा मरी गया? तू खावाले घाले, पुष्पाकाकू घाले, सारी गल्ली देखाले ये नि चिमूट चिमूट टाके."

"मंग? घरना पाव्हना उपाशी ठेवू का?"

"पानी सडी गयं ना! त्यानं पोट त्याना डोयाएवढं शे, माय."

"पन सारखा तोंड उघडस. भूक लागस त्याले!"

"श्वास लेस तो."

म्हातारीने पिशवीला नाक टेकवलं.

"बरं. भाकर नही देत. नुसती बोलसू त्यानासंगे. चाली ना?"

"चाली!"

वैजयंतीने चमचा डब्यात ठेवून झाकण लावलं आणि लेकीला उचलून उभं केलं.

"चिनू, तो बघ कोण!"

चिनूचं तोंड एवढं मोठं उघडलं.

"माछा!"