सेडमच्या बागेचे घर

मी, श्रीमती इंदिरा शामसुंदर गायधनी, वय ६६ वर्षे, धंदा घरकाम, राहणार निसर्गछाया सोसायटी, पाथर्डी फाटा, नाशिक. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती शामसुंदर दोघेच राहत होतो. मुलगी वल्लरी बंगळुरूला असते. पती अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांना विस्मरणाचा आजार होता. अलीकडे फोनवर ते वल्लरीला ओळखत नव्हते.

सोसायटीच्या फाटकालगत मुरमाड उतार होता. तेथे काही उगवत नसे. आजारापूर्वी पतींनी तेथे दगड रचून सेडम लावले. ही जाड, इवल्या पानांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती आहे. तुटलेला तुकडा खडीत खोचला तरी मूळ धरतो. उन्हाळ्यातही पाणी थोडेच लागते, जास्त झाले तर कुजते. पती रोज पान चिमटीत दाबून बघत व सुरकुतले असेल तरच पाणी घालत. हे ते विसरले नव्हते. फाटकाशी सेडम दिसले की आपले घर आले, एवढे त्यांना कळत असे. म्हणून कोपऱ्यावरून दूध आणायला मी त्यांना एकटे पाठवत असे.

सोसायटीचे अध्यक्ष प्रफुल्ल यांनी त्या जागी पार्किंग होणार असल्याचे सांगितले. मी म्हणाले, "अहो, त्यांना घराची खूण तेवढीच आहे." ते म्हणाले, "काकू, मीटिंगमध्ये ठरलंय. मी एकटा काय करू? काकांना समजावून सांगा." मी पतींना सांगितले. त्यांना फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावे लागले, तेव्हाही तितकेच वाईट वाटले. त्यानंतर मी सांगितले नाही.

सोमवारी जेसीबीने जागा सपाट केली. मी काही तुकडे उचलून गॅलरीतल्या कुंडीत लावले. पतींनी कुंडीकडे बघितले नाही.

मंगळवारी सकाळी मी अंघोळीला गेले असता ते सवयीने दुधाला बाहेर पडले. वॉचमन सोमनाथ यांनी मला सांगितले की, पती दूध घेऊन फाटकापर्यंत परत आले होते. सोमनाथ म्हणाले, "काका, या ना आत." पती म्हणाले, "हे नाही हो. आमच्याकडे दगडांत सेडम आहे." आणि ते पुढे गेले. सोमनाथ मला बोलवायला वर आले. आम्ही खाली येईपर्यंत ते दिसेनासे झाले होते.

आम्ही सगळीकडे शोधले. दुपारी विल्होळीच्या बाजूला एका बंगल्याच्या भिंतीबाहेर ते पडलेले मिळाले. बंगल्याच्या मालकांनी सांगितले की, त्याआधी ते फाटकाशी येऊन, सेडमच्या बागेचे घर कोठे आहे, अशी चौकशी करत होते. मालकांनी पाणी दिले, सावलीत बसायला सांगितले. पती म्हणाले, "बायको वाट बघत असेल. घर सापडलं की बसतो."

सरकारी दवाखान्यात मी प्रेत ओळखले. ऊन लागून मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असे मला विचारले. प्रफुल्ल बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांनीच मला गाडीतून येथे आणले. तक्रार नाही, असे लिहून घेतले आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.