चारशे सहा डब्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आमच्या नाणे-तपासणी कार्यालयाचे संचालक, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो आहोत ते आमचे सर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, संग्राहक मंडळाचे सभासद आणि माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांबद्दल इतकं सांगितलं की माझ्या वाट्याला फारसं उरलेलं नाही. संचालकांनी मला विषय दिला तो असा : "नव्या संग्राहकाने सुटी नाणी घ्यावीत की प्रमाणित, यावर दहा मिनिटं बोल. शेवटी सरांबद्दल दोन चांगले शब्द. म्हणजे सभासदांना उपयोगही होईल." मी धातुशास्त्र शिकले आहे, भाषण करायला शिकलेली नाही. म्हणून कागद आणला आहे. त्यात बघून वाचते, राग मानू नये.

सुटं नाणं म्हणजे जसं मिळालं तसं. ते हातात घेता येतं, कड बघता येते, वजन करता येतं. खरं की खोटं, हे मात्र तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं. प्रमाणित नाणं म्हणजे आमच्याकडून तपासून प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद झालेलं. डबीवर क्रमांक असतो आणि सत्तरपैकी मिळालेले गुण. ती फोडल्याशिवाय उघडत नाही, आणि फोडली की आमची हमी संपते. तर नव्या माणसाने काय घ्यावं? सभासदहो, या प्रश्नाला गेली पाच वर्षं काउंटरवर माझं एकच उत्तर होतं. प्रमाणित घ्या.

ते उत्तर ज्या पद्धतीवर उभं होतं ती सांगते. आमच्याकडे प्रत्येक नाणं दोन परीक्षक बघतात. वेगवेगळे बसून. प्रत्येक जण आपले गुण चिठ्ठीवर लिहितो, घडी घालतो आणि पेटीत टाकतो. एकाचे गुण दुसऱ्याला कळता कामा नयेत. चिठ्ठ्या जुळल्या तरच डबी बंद होते. ही पद्धत सरांनीच घालून दिली. मी नवीन असताना एकदा त्यांच्या चिठ्ठीकडे नजर गेली, तर हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले होते, "परीक्षा द्यायला आली आहेस का? शेजारच्याचं बघून पास होशील, पण नाणं नापास होईल त्याचं काय?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला एक नाणं दिलं. मी ते क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवलं.

"काय म्हणतं यंत्र?"

"नव्वद टक्के चांदी, दहा टक्के तांबं."

"आणि नाणं काय म्हणतं?"

मी पुन्हा यंत्राच्या पडद्याकडे बघितलं.

"कानातल्या डुलाला वापरलंय ते. वर छिद्र होतं, बुजवलंय. दिवा बाजूने धर, मग दिसेल. वरून उजेड पडला की सगळेच सज्जन दिसतात."

मी दिवा बाजूने धरला. छिद्र होतं. मी जे काही नाणं बघायला शिकले ते या माणसाकडून. हे दोन चांगले शब्द आधीच बोलून घेते, कारण शेवटी जागा उरणार नाही.

दीड वर्षापूर्वी दुसरे परीक्षक नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी नवीन माणूस भरला गेला नाही. यंत्राचं काम सांभाळून दुसरी चिठ्ठी लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. सुरुवातीचे महिने नीट गेले. मग सर चिठ्ठी लिहिण्याआधी सहज विचारू लागले, "तू किती दिलेस?" मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी सांगायची. ते मान डोलवायचे, आपली चिठ्ठी लिहून पेटीत टाकायचे. आमच्या चिठ्ठ्या रोज जुळत होत्या. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करते.

याच काळात बाई त्यांना कार्यालयाच्या दारापर्यंत सोडायला येऊ लागल्या. हात धरून. चहाच्या वेळी आम्ही चेष्टा करायचो. डब्या सील करणारी आमची ताई म्हणायची, "आमचे हे तर रस्ता ओलांडतानासुद्धा चार पावलं पुढे असतात. शिका म्हणावं सरांकडून काहीतरी."

मग एका सकाळी त्यांच्यापुढच्या मखमली ताटलीत मी एक नाणं ठेवलं. भिंग डोळ्याला लावून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चेहरा छान आलाय. केसांची रेघ न् रेघ आहे."

ताटलीत नाण्याची मागची बाजू वर होती. तिथे चेहरा नव्हता.

मी काय केलं ते सांगते. चिमट्याने नाणं उचललं आणि उलटं करून ठेवलं, त्यांचं वाक्य खरं व्हावं म्हणून. मग त्यांनी विचारलं, "तू किती दिलेस?" आणि मी सांगितलं.

असे अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत आम्ही चारशे सहा डब्या बंद केल्या. प्रत्येक डबीवर दोन परीक्षकांची सही आहे. बघणारे डोळे दोनच होते, माझे. आणि माझी नजर पाच वर्षांची आहे, सरांची अडतीस वर्षांची होती. हा फरक यंत्राने भरून निघत नाही. मला हे ठाऊक होतं. मी बोलले नाही, कारण सरांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि मला वाटलं, तेवढे निभावून जातील.

निभावले नाहीत. यानंतरचं ज्यांच्याबद्दल आहे त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे. आपण सगळे त्यांना मावशी म्हणतो. चाळीस वर्षं त्या कपडे शिवतात, मुख्यतः जुने कोट दुरुस्त करतात. खिसा फाटला की नाणं अस्तरात उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मावशी ते काढून गिऱ्हाइकाला परत करायच्या. पुष्कळ जण म्हणायचे, राहू द्या तुम्हालाच. असा त्यांचा संग्रह झाला. प्रत्येक नाणं त्या ज्या कोटात सापडलं त्याच्याच अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायच्या. सगळी सुटी नाणी.

गेल्या वर्षी त्या काउंटरवर आल्या. "सर, आता सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागते. नाणी काय ओळखणार मी? पुढे सुटी घेऊ की डबीतली?"

सर म्हणाले, "डबीतलीच घ्या, मावशी. तुमचे डोळे थकले तर आमचे वापरा."

मी शेजारीच उभी होते. सरांना तेव्हा काय दिसत होतं आणि काय नाही, हे मला माहीत होतं. मी मावशींकडे बघून हसले.

याच सभागृहात, मंडळाच्या अदलाबदलीच्या दिवशी, मावशींनी आपली अकरा नाणी देऊन एक डबी घेतली. क्रमांक चार हजार नऊशे बारा. फार थोडी नाणी पाडली गेली अशा वर्षाचं नाणं. ज्यांनी डबी दिली त्या सभासदांचा काही दोष नाही, त्यांनीही शिक्क्यावरच विश्वास ठेवला होता. मावशींची अकरा नाणी पुढे आणखी सहा-सात जणांकडे गेली. अस्तराचे तुकडे मावशींकडे राहिले.

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. डबी माझ्यापुढे ठेवली. "पोरी, सालातला हा शेवटचा आकडा नंतर बसवलाय."

"मावशी, डबी बंद आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"बटण तुटल्यावर दुसरं लावलं की ते कितीही जुळतं असो, बाकीच्यांसारखं बसत नाही. तसं दिसतंय ते. मला दोरा दिसत नाही गं, पण बसणं दिसतं."

मी दिवा बाजूने धरला. आकड्याभोवती अवजाराच्या बारीक खुणा होत्या. नाणं खरं होतं, चांदी खरी होती, म्हणून यंत्राने होकार दिला होता. वर्ष तेवढं खोटं होतं. पूर्वीच्या सरांनी ते एका नजरेत पकडलं असतं. मी ते दोनदा बघितलं होतं आणि दोन्ही वेळा पास केलं होतं, एकदा माझ्या चिठ्ठीवर आणि एकदा त्यांच्या.

मावशींनी लेखी तक्रार केली. कार्यालयाने उत्तर पाठवलं की नाणं दोन स्वतंत्र परीक्षकांनी तपासलेलं आहे, त्यामुळे पुनर्तपासणीचा प्रश्न येत नाही. पत्राचा मसुदा टाइप करायला माझ्याकडेच आला होता. मी तो टाइप केला. "स्वतंत्र" हा शब्दसुद्धा.

परवा मंगळवारी दुपारी मी सरांच्या घरी गेले. बाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "कळलं तर तुला." सर खिडकीशी बसले होते. मी सांगितलं की मी बोलणार आहे.

"निरोपाच्या कार्यक्रमात? दुसरा मुहूर्त नाही सापडला?"

"सगळे सभासद एकत्र दुसरीकडे येत नाहीत, सर."

ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तुला कळलं नाही."

"मला कळलंय हे तुम्हाला कळलं नाही, असं मला वाटलं होतं."

"मावशींच्या त्या नाण्याला मी किती दिले होते?"

"मी दिले तेवढेच."

बाई म्हणाल्या, "अडतीस वर्षांचं एका दुपारी मातीत घालणार आहेस, पोरी." सर म्हणाले, "घालू दे. पण एक ऐक. चष्मा विसरलो होतो, प्रकृती बरी नव्हती, असलं काही माझ्या वतीने सांगू नकोस. दिसत नव्हतं, आणि नोकरी सोडवत नव्हती. एवढंच सांग."

एवढंच सांगितलं.

आता विनंती. चार हजार सातशे एक ते पाच हजार एकशे सहा, या क्रमांकांची डबी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती काउंटरवर आणावी. कृपया घरी फोडू नका. फोडलीत तर हमी संपेल आणि कार्यालय हात वर करेल. बंद आहे तशीच आणा आणि पोच घ्या. संचालकांनी याला मान्यता दिलेली नाही. नकारही दिलेला नाही. ते हे आत्ताच, तुमच्याबरोबर ऐकत आहेत. माझं लेखी निवेदन आज सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवलं आहे. त्याची एक प्रत अध्यक्षांकडे आहे आणि एक मावशींकडे.

सुटी की प्रमाणित, या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर नाही. सोमवारनंतर मी त्या काउंटरवर असेन असंही वाटत नाही.

अध्यक्षांनी मध्येच थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही. सर, तुम्ही आज आलात. नाही आला असतात तरी चाललं असतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं. त्याबद्दल काय म्हणतात ते मला येत नाही.

बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घालावं. डब्यांचं घालू नये.

नमस्कार.