लीकच्या तंबूतलं प्रेत

(नॉर्थम्बरलंडमधलं एक खेडं. लीक या कांद्याच्या जातीच्या भाजीच्या प्रदर्शनाचा तंबू. चाकांच्या खुर्चीत टोपी घातलेलं प्रेत, शेजारी त्याची बायको. दिग्दर्शिका टॅम्सिननं चित्रीकरण मध्येच थांबवलं आहे.)

टॅम्सिन : …आणि प्रेताचं पोट गदागदा हलत होतं, अल्बनकाका! असं प्रेत कुठं असतं?

अल्बन : माझ्यावर काय ओरडतेस, पोरी? हिला विचार, कानात काय बोलली ते.

व्हेरिटी : संहितेत काय लिहिलंय? 'बायको मेलेल्या नवऱ्याच्या कानाशी लागून बोलते, म्हणजे तो जिवंत वाटावा.' मी बोलले.

अल्बन : परीक्षकाच्या मिशीबद्दल बोललीस!

व्हेरिटी : ती मिशी आहे होय? मला वाटलं, नाकाखाली चिचुंद्री मरून पडलीय.

अल्बन : बघ! पुन्हा सुरू झाली!

टॅम्सिन : पुरे. टेबलाखाली रबरी बाहुला ठेवलाय, हुबेहूब तुमच्या तोंडाचा. आता हसलात तर पुढचा सगळा सिनेमा तो करेल. गावाला हा तंबू संध्याकाळी परत द्यायचाय. उद्या त्यांचं खरं प्रदर्शन आहे.

अल्बन : रबरी? अगं, उभा जन्म मी पडद्यावर मरत आलोय! विहिरीत ढकललेला पाद्री मी. सूप पिऊन गेलेला काका मी. जिन्यावरून गडगडलेला बटलर तर लोकांना अजून आठवतो.

व्हेरिटी : लोकांना जिना आठवतो.

टॅम्सिन : तुम्ही छान मरता, काका, वाद नाही. पण इथं तुम्ही आधीच मेलायत. नुसतं बसायचंय. मी दिवे लावून येते, तोवर काय ते मिटवून घ्या.

अल्बन : …गेली का?

व्हेरिटी : गेली. खांदे पाड. असं ताठ बसलेलं प्रेत मी आजवर पाहिलं नाही.

अल्बन : व्हेरिटी, एक ऐक. मला या वेळी हसवू नकोस.

व्हेरिटी : नाटकात असताना तूच नाही का मला हसवायचास? मी रडत रडत विष प्यायचे आणि तू प्रेक्षकांकडे पाठ करून डोळे तिरळे करायचास.

अल्बन : तेव्हा नवरा होतो तुझा. हक्क होता.

व्हेरिटी : वा!

अल्बन : खरंच सांगतो. प्रत्येक सिनेमात मी चहा थंड व्हायच्या आत मरतो, मला पांढऱ्या चादरीत गुंडाळतात, की मी घरी. या सिनेमात पहिल्यापासून मेलेला आहे, पण शेवटपर्यंत आहे. पाटीवर नाव तुझ्या बरोबरीनं आहे. आता यापुढं मला कोण काम देणार? हे त्या रबराला देऊ नकोस.

व्हेरिटी : बरं. हसू येईल असं काही बोलणार नाही.

अल्बन : शपथ?

व्हेरिटी : त्या कांद्याच्या लांबुड्या भावाची शपथ. लीकच्या एका जुडीला बक्षीस मिळावं म्हणून मेलेल्या नवऱ्याला टोपी घालून आणते ही बाई! कारण काय, तर पिकवणारा जातीनं हजर पाहिजे. ही भूमिका मला शोभेल, असं त्या पोरीला वाटलंच कसं?

अल्बन : मी तुझ्याशी संसार केलाय. मला नवल वाटलं नाही.

टॅम्सिन : सगळे गप्प! परीक्षक पुढे या. चालू!

व्हेरिटी : नमस्कार, साहेब. यांचा घसा बसलाय, म्हणून मीच बोलते. काय हो, साहेबांना काही सांगायचंय का तुम्हाला? थांबा हं, कान जवळ आणते…

टॅम्सिन : कट! वा, काका! नाकावर माशी बसली तरी हलला नाहीत. बाहुला गाडीत टाका रे! काका? अहो काका, झालं! उठा!

व्हेरिटी : हलवून उठव त्याला. कानात कापूस कोंबलाय लबाडानं, आत्ता दिसला मला. माझ्या शपथेवर विश्वास नव्हता.

टॅम्सिन : म्हणजे तुम्ही बोललात ते त्यांनी ऐकलंच नाही? मला यंत्रातून ऐकू आलं. 'तू गेल्यापासून घरात कुणी मला हसवत नाही.' संहितेत नाही हे वाक्य. ठेवू?

व्हेरिटी : …प्रसंगाला शोभतंय का?

टॅम्सिन : फार.

व्हेरिटी : मग ठेव. मेलेल्याला काय कळतंय?

अल्बन : थांब, कापूस काढतो. झालं? हसलो नाही ना मी? काय म्हणालीस गं कानात?

व्हेरिटी : म्हटलं, नाकावर माशी आहे.

अल्बन : ते मला माहीत होतं. फार गुदगुल्या करत होती. ऐक, मी माझे सिनेमे कधी बघत नाही. मेल्यावर पुढं काय बघायचं? पण हा बघणार. तू येशील?

व्हेरिटी : तुझ्या शेजारी बसून?

अल्बन : अंधारात काय फरक पडतो?

व्हेरिटी : मला पडतो. येईन. कडेची खुर्ची तेवढी मला दे, माशीचा प्रसंग आला की बाहेर पळायला.