कॉफीच्या आधी ऊद

(सौदी अरेबियातलं हाईल शहर. अस्रची, दुपारनंतरची नमाज होऊन गेली आहे. मूदीच्या घरातली बायकांची बैठक. खजुराच्या ताटाला कुणाचा हात लागलेला नाही, कॉफीची किटली भरलेली तशीच आहे आणि खोलीभर उदाचा धूर कोंडलाय. पाहुण्या आत्ताच उठून गेल्या. मागे तिघीच उरल्या आहेत: मूदी, तिची धाकटी मुलगी तरफा आणि तरफाची म्हातारी आत्या वसमिया.)

वसमिया : एकीनं तर बुरखासुद्धा उलटा ओढला घाईत. एवढे केस पिकले माझे, पण पाहुण्याला कॉफीच्या आधी ऊद दाखवलेला आजच बघितला गं बाई!

मूदी : वन्सं, हळू बोला. पलीकडे पुरुष बसलेत अजून.

वसमिया : बसलेत कुठं? उम्म नायफनं दारातनंच फोन लावला आणि तिकडचे सगळे उठले. गाड्या गेलेल्या ऐकल्या न्हाईस? ऊद फिरला की बसणं सरलं, हे शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं. आपण त्यांना सरळ दार दाखवलं.

मूदी : पोरगी गोंधळली हो. पेल्यांचा ट्रे आणायचा तर घाईत धूपदाणी उचलली. मी सांगते विहीणबाईंना.

तरफा : आई, ट्रे आणि धूपदाणीत गोंधळ कोण करतं? एकीतून धूर निघतो.

मूदी : तू बोलू नकोस. तू गोंधळलीस असं मी म्हणणार आहे, म्हणजे तू गोंधळलीस.

तरफा : नाही गोंधळले. त्या दारात चपला काढत होत्या तेव्हाच मी निखारे पेटवले. आणि धूपदाणी आधी उम्म नायफच्याच नाकाखाली धरली. मुद्दाम.

वसमिया : ऐक! ऐक तुझ्या लेकीचं! अगं, ती काय रस्त्यावरची बाई व्हती? तुझ्या सख्ख्या बहिणीची सासू ती, नायफची आई. मुनीरा गेली, दोन लेकरं मागं ठेवून गेली. त्या लेकरांना परकी आई नको, मावशीच आई व्हावी म्हणून नायफसाठी तुला मागायला आली. मान घेऊन आली व्हती दारात.

तरफा : मान नव्हे आत्या. मोलकरीण रजेवर गेली की आपण दुसरी बघतो ना, तशी आली होती.

मूदी : तरफा!

तरफा : खोटं आहे? नायफनं मुनीराच्या मागे एकदा तरी तिचं नाव घेतलंय तुझ्यापुढे? एकदा?

मूदी : पुरुष नाहीत बोलत तसं. तू मुलांचं बघ. नायफची बदली तिकडे लांब तबूकला होतेय. तू गेलीस तर मुलं तुझ्याजवळ, म्हणजे माझ्याजवळ. तू नाही म्हटलंस तर तो दुसरी करणार, उम्म नायफनं कालच फोनवर सांगितलंय. आणि ती दुसरी बाई मुनीराच्या आईच्या दारात मुलांना कशाला पाठवेल? गुरुवारी दोघं येतात, लुलवा माझ्या मांडीवर बसून वेणी घालून घेते, मिशाल माझ्या कुशीत झोपतो. तेवढंच उरलंय माझ्याकडे मुनीराचं. तेवढंही घालवायला निघालीस?

तरफा : मला कळतं आई.

मूदी : काही कळत नाही तुला. ज्याचं पोर मातीत जातं त्यालाच कळतं.

वसमिया : आणि समज, गेलीसच. काय बिघडतं? म्या न्हाई गेले? माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली, आणि अंगावरचं पोर माझ्या पदरात टाकून मला तिच्याच नवऱ्याच्या घरी धाडली. बहिणीचीच गादी, बहिणीचाच आरसा. वाढवलीच की पोरं. आज मोठाली झालीत, येतात, कपाळाचं चुंबन घेतात.

तरफा : आणि तू सुखात होतीस, आत्या?

वसमिया : आता हे कोण विचारतं का?

तरफा : मी विचारतेय.

वसमिया : ... त्या आरशात म्या कधी बघितलं न्हाई. बास? आता विषय सोड. जे सगळ्यांनी सोसलं ते तुला का जड व्हतंय? काझी विचारंल तेव्हा मान खाली घालायची नि गप्प बसायचं. पोरीचं गप्प बसणं म्हंजे होकार.

तरफा : म्हणूनच तर गप्प बसले नाही. तोंडानं बोलले असते तर बापाच्या शब्दाबाहेरची पोरगी ठरले असते. बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून धूपदाणी उचलली. धूपदाणीला कुणी उद्धट म्हणत नाही.

मूदी : पण का? नायफ दारू पीत नाही, हात उगारत नाही. नमाजी आहे. मुनीरा कधी त्याच्याविरुद्ध बोलली नाही. माझ्यापाशीसुद्धा नाही.

तरफा : नायफचं नाही म्हणत मी. त्या घराचं म्हणतेय. आई, तू खाली बस आधी.

मूदी : बसलेलीच आहे.

तरफा : मुनीरा कशी गेली?

मूदी : हे काय विचारणं झालं? तुला ठाऊक नाही? जावेच्या बाळाचं सातव्या दिवसाचं जेवण होतं. मुनीराला सहावा महिना. जेवणं आटोपली, पाहुण्या गेल्या, आणि एकाएकी रक्त सुरू झालं. दवाखान्याच्या वाटेवरच... अल्लाची मर्जी. उम्म नायफ माझ्या गळ्यात पडून रडली गं. म्हणाली, कुणाला कळलंच नाही.

तरफा : एकाएकी झालं नव्हतं.

वसमिया : तुला काय ठाऊक? तू तर रियाधला व्हतीस तेव्हा, शिकत.

तरफा : मी नव्हते. लुलवा होती.

मूदी : लुलवा? एवढंसं पोर ते!

तरफा : मागच्या गुरुवारी तू स्वयंपाकघरात होतीस. लुलवानं खेळायचे पेले मांडले. मी शाळेत दिवसभर याच वयाच्या पोरांना शिकवते, मला वाटलं घर-घर खेळतेय, खेळू दे. म्हणाली, मी आजी होते, तू माझी आई हो. किटली डाव्या हातात धर. उभी राहा. मी राहिले. ओत, म्हणाली, सगळ्यांना ओत. बाहुल्या मांडल्या होत्या रांगेनं. मी ओतत गेले. पाय दुखायला लागले म्हणून टेकले जरा, तर ओरडली, "बसायचं नाही. पाहुण्या बसल्यात."

मूदी : पोरं मोठ्यांची नक्कल करतातच.

तरफा : ऐक पुढं. मग ती मला शिकवायला लागली. "आता तू म्हण, माझ्या पोटात दुखतंय." मी म्हटलं. "आता म्हण, ऊद फिरवा ना, पाहुण्या जाऊ देत, मला दवाखान्यात न्या." मी म्हटलं. आणि आई, ती उम्म नायफच्या आवाजात बोलली. अगदी हुबेहूब तिच्या आवाजात. "आत्ता ऊद? अजून जेवणं व्हायचीत. बुरैदा गावची माणसं पहिल्यांदा आलीत माझ्या घरी. माझ्या दारातून पाहुणा अर्ध्यात उठून गेलेला नाही. ओत गप्प."

वसमिया : या अल्ला.

तरफा : मी ओतत राहिले. तिनंच सांगितलं, अजून ओत, अजून. मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "आता तू पड." मी हसून म्हटलं, पडायचं कशाला? तर म्हणाली, "आई तशीच पडते. स्वयंपाकघरात. मग पाहुण्या जातात."

मूदी : बास.

तरफा : पाणी देऊ?

मूदी : नको. मला काही देऊ नकोस.

वसमिया : पोरांचं काय खरं मानायचं? ऐकीव कायबाय जोडतात...

मूदी : खरं आहे ते, वन्सं.

वसमिया : तुला काय म्हाईत?

मूदी : मी होते ना तिथं! बसले होते. मानाच्या जागी, उम्म नायफच्या उजव्या हाताला. कामाला बाई असूनसुद्धा ती सुनेलाच कॉफी ओतायला लावायची, घरच्या हातची कॉफी म्हणून मिरवायची. मुनीरा आली माझ्यापुढे. ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, लाली नाही लावलीस आज? ती वाकली, पेला भरता भरता माझ्या कानाशी म्हणाली, "आई, पेला हलव ना. पुरे म्हण ना."

तरफा : आई...

मूदी : मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. हसून म्हटलं, लेकीच्या हातची कॉफी, पुरे कशी म्हणू? आणि पेला पुढे केला. सगळ्या बायका हसल्या. थोरली पाहुणी मीच होते, वन्सं. मी पेला हलवला असता, उठले असते, तर सगळ्या उठल्या असत्या. मी पीत बसले. माझी पोर माझ्यापुढे उभी राहून मरत होती आणि मी कॉफीत वेलदोडा छान उतरलाय म्हणत होते.

वसमिया : मूदी, अगं, तुला कुठं ठाऊक व्हतं? असं नको ओढून घेऊस.

मूदी : मला नव्हतं ठाऊक. तिला होतं. जिनं माझ्या गळ्यात पडून "कुणाला कळलंच नाही" म्हटलं, तिला होतं. आणि ती आज इथं, या गादीवर बसून माझी दुसरी लेक मागत होती. मी तिच्यासाठी सुक्करी खजूर निवडून ठेवलेला, एक एक बघून.

तरफा : मला सांगायचं नव्हतं तुला. अल्लाशपथ. म्हणून आधी धूपदाणी पुढे केली. वाटलं, त्या रागावतील, परत येणार नाहीत आणि तुला कधी कळायचंच नाही.

वसमिया : फोन वाजतोय.

तरफा : तिचाच आहे. नको घेऊस, आई.

मूदी : दे इकडे.

तरफा : आई, ऐक...

मूदी : दे म्हणते ना. ... व अलैकुम सलाम, उम्म नायफ. ... अल्ला तुमचंही भलं करो. ... हो. ... हो, तरुण पोर आहे, गोंधळली असेल, हे तुम्हीच म्हणताय, तुमचा मोठेपणा. ... नाही, मी कशाला मनात ठेवू? ... मगरिबनंतर, दिवस मावळला की? या ना. घर तुमचंच आहे. ... मुलांना? ... नको. मुलांना आणू नका. ... नाही, नाही, बोलणं मोठ्यांचंच आहे, मुलं कशाला. ... या. वाट बघते.

तरफा : तू ये म्हणालीस.

मूदी : म्हणाले.

तरफा : एवढं सगळं ऐकून तू तिला ये म्हणालीस!

वसमिया : मग काय करंल ती? विहिणीशी दावा मांडून कोण जगलंय? तुझ्या बापानं तिकडं बैठकीत अर्धा शब्द देऊन ठेवलाय. जा, ती कॉफी ओतून दे, नवी ठेव. आता तरी नीट वाग.

मूदी : कॉफी ठेवायची नाही, वन्सं.

वसमिया : म्हंजे?

मूदी : तरफानं ऊद फिरवला तर ती पोरीची चूक होते. उम्म नायफ ती चूक पदरात घेते, वर उपकार केल्यासारखं हसते आणि पुन्हा येऊन बसते. बघितलंत ना? घरच्या थोरल्या बाईनं फिरवला की चूक राहत नाही. तो घराचा शब्द होतो. या वेळी धूपदाणी मी आणणार आहे. ती टेकायच्या आत.

वसमिया : मूदी, पुन्हा विचार कर. अख्खं हाईल बोलंल. तुझा नवरा काय म्हणंल?

मूदी : काय म्हणायचं ते म्हणोत. पुरुषांच्या बैठकीत शब्द कुणाला द्यायचा ते त्यांनी ठरवावं. बायकांच्या बैठकीतून कुणी कधी उठायचं ते मी ठरवते. एकदा नाही ठरवलं. पुरे झालं तेवढं.

वसमिया : आणि लेकरं गं?

तरफा : आई, तिनं मुलांना आणते म्हटलं होतं. आणू द्यायचं होतंस. एकदा पोटभर बघून तरी घेतलं असतंस.

मूदी : लुलवानं एकदा बघितलंय, पाहुण्या कशा जातात ते. पुन्हा नको दाखवायला.

वसमिया : ... सर बाजूला, तरफा. तुला निखारे पेटवता येत न्हाईत. मघाशी नुसता धूर केलास. म्या पेटवते.

तरफा : आत्या?

वसमिया : माझ्या तोंडाकडं काय बघतीस? कोळसा काढ.

तरफा : आई, मग या गुरुवारी लुलवा येणार नाही.

मूदी : नाही येणार. तिचे ते खेळायचे पेले उचल कोपऱ्यातले. फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेव, फुटायला नकोत.